भाषणं आठवतात, विधेयक आठवत नाही

माझे आजोबा मूळचे कुडाळचे. त्यांच्याकडून नाथ पै हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. सभेला माणसं किती लांबून चालत यायची, सभा संपली तरी कशी उठायची नाहीत, दिल्लीत बोलायला उभे राहिले की सभागृह कसं भरायचं, हे सगळं आजोबा अशा थाटात सांगायचे की वाटावं, काल रात्रीचीच गोष्ट आहे. पुढे मी इंग्लंडला शिकायला आले, राज्यघटनांवर काम करायला लागले, आणि एक दिवस लायब्ररीत वाचताना 'नाथ पै बिल' हे शब्द समोर आले. मी थबकले. कारण आजोबांच्या इतक्या गोष्टींत या विधेयकाचा एकदाही उल्लेख नव्हता.

पॉडकास्टच्या गेल्या काही भागांत आपण संसद आणि न्यायालय यांच्या भांडणाबद्दल बोलतोय. त्यातच हा लेख बसवते. नाथ पैंवर मराठीत जे लिहिलं-बोललं जातं त्यात वक्तृत्व असतं, व्यक्तिमत्त्व असतं, अकाली मृत्यूची हळहळ असते. पण ते खासदार होते, म्हणजे कायदे करणं हे त्यांचं काम होतं. त्या कामात त्यांनी मांडलेल्या सगळ्यात मोठ्या प्रस्तावाचं काय? तो बरोबर होता का? माझं उत्तर आधीच सांगून टाकते: प्रश्न बरोबर होता, उत्तर चुकलं. आणि ते का चुकलं हे समजून घेणं आज आपल्यालाही गरजेचं आहे.

आधी माणूस

ज्यांनी नाव फक्त एखाद्या रस्त्याच्या पाटीवर वाचलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९२२ चा, वेंगुर्ल्याचा. १९४२ च्या चळवळीत तुरुंगवास. मग लंडनमध्ये बॅरिस्टरी. १९५० च्या दशकात आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचे अध्यक्ष, म्हणजे युरोपभरच्या समाजवादी तरुणांमध्ये उठबस. सासुरवाड ऑस्ट्रियाची. १९५७ ला प्रजा समाजवादी पक्षातर्फे कोकणातल्या राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले, १९६२ ला आणि १९६७ ला पुन्हा. १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात, सीमाप्रश्नाच्या हुतात्म्यांना अभिवादन करायला गेले असताना, हृदयविकाराने गेले. वय अठ्ठेचाळीस.

थोडक्यात, आपल्यासारखाच परदेशात शिकलेला, दोन-तीन देशांचं राजकारण जवळून पाहिलेला मराठी माणूस. फरक इतकाच की ते परत गेले.

भांडण कशावरून?

२७ फेब्रुवारी १९६७. लोकसभेचं मतदान नुकतंच आटोपलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला, सहा विरुद्ध पाच. निकालाचं सार असं: मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला यापुढे करता येणार नाही. आधीच्या दुरुस्त्या चालतील, पण इथून पुढे नाही.

आता खटला कोणाचा होता ते बघा. पंजाबातलं एक जमीनदार कुटुंब, पाचशे एकरांहून जास्त जमीन, आणि कमाल जमीनधारणेच्या कायद्याने त्यातली बरीचशी जाणार होती. त्या काळी मालमत्तेचा हक्क हा मूलभूत हक्कांच्या यादीत होता. म्हणजे 'मूलभूत हक्कांना हात लावू नका' हे वाक्य वर्गात ऐकायला कितीही गोड वाटलं, तरी १९६७ च्या गावात त्याचा अर्थ 'जमीनदाराच्या जमिनीला हात लावू नका' असाही होत होता.

कोकणातून निवडून आलेल्या माणसाला हे कळायला पुस्तक लागत नव्हतं. खोतीची पद्धत कायद्याने संपली ती १९४९ च्या कायद्याने. त्याआधी डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्येच मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक आणलं होतं, ते तेव्हा मंजूर झालं नाही. जमिनीचे कायदे न्यायालयात अडकू नयेत म्हणून तर १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती झाली आणि नववं परिशिष्ट आलं. गोलकनाथने जुने कायदे वाचवले खरे, पण पुढचं दार बंद केलं. आणि तेही एका मताच्या फरकाने. नाथ पैंसारख्या समाजवाद्याला हे खटकलं नसतं तरच नवल.

त्यांनी एप्रिल १९६७ मध्ये लोकसभेत खासगी सदस्याचं विधेयक मांडलं. मागणी साधी होती. घटनेच्या कलम ३६८ मध्ये स्पष्ट लिहा की संसद घटनेचा कोणताही भाग बदलू शकते, मूलभूत हक्कांसकट. संसद ही लोकांची प्रतिनिधी आहे, लोक सार्वभौम आहेत, म्हणून शेवटचा शब्द संसदेचा.

विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, अहवाल आला, चर्चा लांबत गेली, आणि डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते बारगळलं. तीन आठवड्यांनी नाथ पैही गेले.

त्यांची बाजू, प्रामाणिकपणे

टीका करायची तर आधी समोरच्याची बाजू त्याच्याइतकीच ठामपणे मांडता आली पाहिजे. तर करून बघू.

एक. घटना लिहिणारी पिढी मोठी होती, पण पुढच्या सगळ्या पिढ्यांचे हात बांधून ठेवायचा हक्क तिला कोणी दिला? घटना समिती प्रौढ मतदानाने निवडलेली नव्हती. १९६७ ची लोकसभा होती.

दोन. न्यायाधीश निवडून येत नाहीत. सहा जण एका बाजूला, पाच दुसऱ्या बाजूला, आणि त्यातल्या एकाच्या मतावर शेतकऱ्याच्या जमिनीचं भवितव्य. याला लोकशाही म्हणायचं का?

तीन. गोलकनाथच्या मुख्य निकालाने एक पळवाट सुचवली होती: हक्क बदलायचेच असतील तर नवी घटना समिती बोलवा. पण ती बोलवायची कशी? साध्या कायद्याने, म्हणजे साध्या बहुमताने. आता गंमत बघा. दोन-तृतीयांश बहुमताने जे करायचं नाही, ते करणारी समिती साध्या बहुमताने उभी करता येणार. हे तर्काला धरून नाही, आणि नाथ पैंच्या बाजूच्या माणसांनी त्यावर बोट ठेवलं असेल तर ते योग्यच होतं.

चार, आणि हे मला सगळ्यात वजनदार वाटतं. पुढे १९७८ मध्ये जनता सरकारने चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून टाकला. त्या सरकारात राजापूरचेच मधु दंडवते रेल्वेमंत्री होते. गोलकनाथ तसाच टिकला असता तर हे शक्यच झालं नसतं. म्हणजे संसदेला मूलभूत हक्कांच्या प्रकरणात हात घालता आला पाहिजे, हे नाथ पैंचं म्हणणं इतिहासानेच खरं ठरवलं.

इथपर्यंत मी त्यांच्याबरोबर आहे.

मग चुकलं कुठे?

दुखणं मालमत्तेच्या हक्काचं होतं. औषध मात्र सगळ्या शरीराला दिलं गेलं. 'कोणताही भाग' या शब्दांत जमीन आली, तसंच भाषणस्वातंत्र्य आलं, कायद्यापुढची समानता आली, आणि कलम २१, म्हणजे जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्कही आला. जमीनदाराच्या हातातली ढाल काढून घ्यायची म्हणून सगळ्यांच्याच हातातली काढून घ्यायची, असा हा प्रकार.

यावर कोणी म्हणेल, दुसरा मार्ग नव्हता, कारण गोलकनाथने सगळेच हक्क एका पेटीत बंद केले होते. मला हे पटत नाही. मालमत्तेपुरतीच दुरुस्ती मागणारं विधेयक आणलं असतं तरी ते न्यायालयात आव्हानात गेलंच असतं, मान्य. पण सरसकट अधिकार मागणारं विधेयकही जाणारच होतं. धोका दोन्हीकडे सारखा होता. मग कमी मागायला काय हरकत होती? शब्द निवडायचं स्वातंत्र्य त्यांच्याकडे होतं, आणि त्यांनी सगळ्यात मोठा शब्द निवडला.

का निवडला असेल? माझा अंदाज असा की ते ज्या सभागृहात बसत होते, त्यावर त्यांचा विश्वास होता. आकडे बघा. १९६७ च्या लोकसभेत काँग्रेसला ५२० पैकी २८३ जागा होत्या. घटनादुरुस्तीला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश लागतात. पूर्ण सभागृह धरलं तर साधारण ३४७. म्हणजे कोणत्याही एका पक्षाला एकट्याने घटना बदलणं अशक्य होतं. स्वतंत्र पक्ष, जनसंघ, दोन्ही समाजवादी पक्ष, कम्युनिस्ट, द्रमुक, सगळ्यांशी बोलावं लागणार. नाथ पैंच्या पक्षाचे तर जेमतेम तेरा खासदार. अशा सभागृहात संसदेला अमर्याद अधिकार देणं म्हणजे वादविवादाला अधिकार देणं. चांगल्या वक्त्याला ते किती आकर्षक वाटत असेल याची कल्पना करा.

पण कायदा एका सभागृहापुरता लिहिला जात नाही. मार्च १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या काँग्रेसला ५१८ पैकी ३५२ जागा मिळाल्या. दोन-तृतीयांशाची रेषा एकाच पक्षाने ओलांडली. त्याच वर्षी चोविसावी घटनादुरुस्ती झाली, तिचा आशय नाथ पैंच्या विधेयकाचाच: संसद घटनेची कोणतीही तरतूद बदलू शकते. नाथ पै जाऊन वर्षही झालं नव्हतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. जून १९७५ मध्ये आणीबाणी. राजापूरचे नवे खासदार दंडवते बंगळूरच्या तुरुंगात. ऑगस्टमध्ये, विरोधी पक्षांचे कित्येक नेते गजाआड असताना, एकोणचाळिसावी दुरुस्ती आली. पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढणारी. लोकसभेत आणि राज्यसभेत मिळून दोन दिवसांचं काम. १९७६ ला बेचाळिसाव्या दुरुस्तीने तर कलम ३६८ मध्येच लिहून टाकलं की घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही.

याचं खापर नाथ पैंवर फोडायचं का? मुळीच नाही. ते असते तर आणीबाणीत तुरुंगात गेले असते, याबद्दल मला शंका नाही. पण खासदाराच्या कामाचं मोजमाप त्याच्या मनातल्या हेतूवर थांबत नाही. कागदावर लिहिलेला शब्द दुसऱ्याच्या हातात गेल्यावर काय करतो, हेही बघावं लागतं.

लंडन आणि व्हिएन्ना

आता आपल्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांनी विचार करावा असा भाग.

संसद सार्वभौम आहे, तिच्यावर कोणी नाही, हा विचार अस्सल ब्रिटिश आहे. इथे कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या वर्षी तो शिकवतात, मलाही शिकवला. नाथ पै लंडनमध्ये बॅरिस्टर झाले, त्यांना तो नक्कीच शिकवला गेला असणार. पण ब्रिटनला एकसंध लिखित घटना नाही. इथली संसद १९९८ चा मानवी हक्कांचा कायदा उद्या साध्या बहुमताने रद्द करू शकते. तिला थोपवतात त्या रूढी, सवयी, लाजलज्जा. त्या कमी पडल्या की इथेही न्यायालयातच जावं लागतं. सप्टेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सननी संसद संस्थगित केली, तेव्हा संसदेचं दार पुन्हा उघडलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी, एकमताने. न्यायालय नेहमी संसदेच्या विरुद्धच उभं असतं हा समज तेव्हा माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांचा गळून पडला.

पण नाथ पैंना दुसरंही युरोप माहीत होतं. ज्या समाजवादी चळवळीत ते वावरले तिच्या आठवणीत १९३३ होतं. मार्च १९३३ मध्ये ऑस्ट्रियात संसदेच्या तिन्ही अध्यक्षांनी राजीनामे दिल्याचं निमित्त करून चॅन्सेलर डोलफुस यांनी संसद पुन्हा भरूच दिली नाही. त्याच महिन्यात बर्लिनमध्ये हिटलरने संसदेकडूनच, दोन-तृतीयांश बहुमताने, संसदेला निरुपयोगी करणारा कायदा करून घेतला. ४४४ विरुद्ध ९४. विरोधातली चौऱ्याण्णव मतं एकाच पक्षाची होती, सोशल डेमोक्रॅट्सची. कम्युनिस्टांना सभागृहात येऊच दिलं नव्हतं. म्हणजे नाथ पैंच्याच वैचारिक घराण्यातली माणसं.

हाच धडा घेऊन जर्मनीने १९४९ च्या घटनेत लिहिलं की काही तत्त्वं कोणत्याही बहुमताने बदलता येणार नाहीत. आणि हाच धडा घेऊन डीटर कॉनराड नावाचे एक जर्मन प्राध्यापक १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात बोलले: घटना बदलण्याच्या अधिकाराला काही न लिहिलेल्या मर्यादा असतात का? तो विचार वकिलांमार्फत भारतीय न्यायालयात पोचला. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात, सात विरुद्ध सहा मतांनी, न्यायालय म्हणालं: घटनेचा कोणताही भाग बदला, पण तिची मूळ चौकट मोडू नका.

हा निकाल नीट वाचलात तर एक गोष्ट लक्षात येईल. नाथ पैंचं अर्धं म्हणणं त्यात मान्य झालं. चोविसावी दुरुस्ती वैध ठरली, गोलकनाथ मागे पडला, मालमत्तेचा हक्क बदलता येईल हे ठरलं. नाकारलं गेलं ते दुसरं अर्ध, 'कोणताही भाग, कसाही' हे. एकोणचाळिसाव्या दुरुस्तीतला आक्षेपार्ह भाग नोव्हेंबर १९७५ मध्ये रद्द झाला तो याच चौकटीच्या आधाराने, आणि बेचाळिसाव्यातला १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात.

माझी नाथ पैंबद्दलची तक्रार एवढीच. लंडनकडून त्यांनी जे घेतलं त्याच्या निम्म्याने जरी सासुरवाडीकडून घेतलं असतं, तर त्या विधेयकात एखादं वाक्य जास्त असतं: हे, हे आणि हे हक्क सोडून. त्या एका वाक्याने ते विधेयक भारतीय लोकशाहीतला एक महत्त्वाचा दस्तऐवज झालं असतं.

आज हे का उकरून काढायचं?

कारण भांडण संपलेलं नाही. २०२३ च्या जानेवारीत तेव्हाच्या उपराष्ट्रपतींनी जयपूरच्या एका परिषदेत केशवानंद निकालाशी जाहीर असहमती दाखवली. संसद श्रेष्ठ, हेच म्हणणं. इथे ब्रेक्झिटच्या वेळी एका वृत्तपत्राने न्यायाधीशांना पहिल्या पानावर जनतेचे शत्रू ठरवलं होतं. आपल्या फॅमिली ग्रुपवरही 'आम्ही निवडून दिलंय, कोर्ट कोण विचारणारं?' हा मेसेज कधी ना कधी येतोच. तो पाठवणारे काका वाईट नसतात. नाथ पैही वाईट नव्हते. त्या वाक्यात न्यायाची खरी तहान असू शकते, म्हणूनच त्याला उत्तर देताना नाक मुरडून चालत नाही.

मी काकांना हल्ली एवढंच विचारते: आज जे सभागृह तुम्हाला आवडतं त्याला हा अधिकार द्या, पण उद्या जे आवडणार नाही त्याच्या हातात तो गेला तर चालेल का? उत्तर 'नाही' असेल तर शब्द बदला.

उलट बाजूलाही एक प्रश्न आहे, आणि तो नाथ पै आपल्याला विचारतात. न्यायालयाने हक्क राखले म्हणून टाळ्या वाजवताना, नेमका कोणाचा हक्क राखला जातोय हे आपण बघतो का? गोलकनाथच्या वेळी ते जमीनदार होते. हा प्रश्न विसरलो तर आपणही त्यांच्याइतकेच चुकू, फक्त विरुद्ध दिशेने.

गेल्या उन्हाळ्यात घरी गेले तेव्हा आजोबांना हे सगळं सांगितलं. विधेयकाबद्दल त्यांना पुसटसं आठवत होतं, तपशील नाही. ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माणूस मोठा होता गो. पण तू म्हणतेस ते तेव्हा कोणीतरी त्याला तोंडावर सांगायला हवं होतं. आम्ही नुसते ऐकत बसायचो."